कर्ज, व्याज आणि जोडाक्षरे

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने बालवाचनाविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या प्रश्नाकडे मी वळलो तो शाळेच्या वाटेने नव्हे, तर कर्जाच्या एका कागदावरून. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसह एका खेड्यात कर्जबाजारीपणाची पाहणी करीत असता, चौथीपर्यंत शिकलेल्या एका बाईंनी आपला कागद पुढे केला. 'नाव', 'गाव', 'रुपये', 'बाकी' हे शब्द त्यांनी सहज वाचले. 'कर्ज', 'व्याज', 'हप्ता', 'स्वाक्षरी' या शब्दांपाशी मात्र त्यांचे बोट थांबले. "तेवढी जोडाक्षरं येत नाहीत बघा, सर," असे त्या संकोचाने म्हणाल्या. जे जाणणे त्यांना सर्वाधिक आवश्यक होते, ते नेमके जोडाक्षरांत लिहिलेले होते.

ही एकटीदुकटीची कथा नव्हे. 2024 च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नाही. या अपयशाची कारणे अनेक आहेत. तथापि सोपे शब्द वाचणारे मूल पुढे कोठे थबकते, असे विचारल्यास बहुतेक प्राथमिक शिक्षक जोडाक्षरांकडेच बोट दाखवतील.

आणि त्यात मुलाचा दोष नाही. मुळाक्षरे व बाराखडी यांत एक शिस्त आहे. जोडाक्षरांत ती पदोपदी बदलते. 'रस्ता'मधील 'स' आपला दंड गमावून 'त'ला टेकतो. 'खड्डा'मध्ये एक 'ड' दुसऱ्याच्या डोक्यावर बसतो, किंवा त्याचा पाय मोडला जातो. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांत तर मूळ अक्षरांची ओळखही उरत नाही. सर्वांत बहुरूपी तो 'र': 'कर्ज', 'चक्र', 'ट्रक' आणि 'दऱ्या' या चार शब्दांत त्याची चार रूपे दिसतात. रफाराचा उच्चार आधी, पण त्याचे स्थान पुढच्या अक्षराच्या माथ्यावर! शिवाय 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलवे, हा भेद एका बारीक रेघेवर अवलंबून आहे.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' अशा संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. गणित विषय समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्यामागील भूमिका मांडली. संख्यानामांतील उलटा क्रम आणि जोडाक्षरांची गर्दी मुलांना अवघड जाते, असे सांगण्यात आले. क्रमाविषयीचा मुद्दा विचारार्ह होता, आणि मुले अडखळतात हे निरीक्षणही खरे होते. त्यांची थट्टा करणाऱ्यांनी 'त्र्याण्णव' हा शब्द सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी एकदा पाहावयास हवा होता. परंतु गणितातून जोडाक्षरे वगळली, तरी ती जीवनातून वगळता येत नाहीत. आज टाळलेले श्रम हे एक प्रकारचे कर्जच होय. त्याचे व्याज पुढे मुलालाच भरावे लागते.

मग उपाय कोणता? जे डोळ्याला अपरिचित आहे, ते जिभेला बहुधा परिचित असते. 'रस्ता', 'दप्तर', 'गप्पा' हे शब्द मूल शाळेत येण्यापूर्वीच बोलत असते. तेव्हा प्रथम शब्द उच्चारावा, 'रस्-ता' असा तोडून ऐकवावा, थांबलेला 'स्' मुलाच्या कानाला जाणवू द्यावा, आणि मगच फळ्यावर त्याचे रूप दाखवावे. दंड असलेल्या अक्षरांच्या सोप्या जोडण्या आधी, पायमोडकी त्यानंतर, आणि 'र'ची चारही रूपे वेगवेगळ्या दिवशी, असा क्रम ठेवावा. जोडाक्षरांची लांबलचक यादी घोकून घेणे म्हणजे शिकविणे नव्हे.

येथे विषमतेचा प्रश्न उपस्थित होतो. ज्या घरात 'व्याज'ला 'याज' आणि 'जन्म'ला 'जलम' म्हणतात, तेथील मुलाला जोडाक्षर आधी ऐकावे लागते, मग पाहावे लागते. त्याची बोली अशुद्ध नव्हे. त्याला केवळ एक पायरी अधिक चढावयाची असते. सुशिक्षित घरात ही पायरी आई-आजीच्या गोष्टींत नकळत चढली जाते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ती शाळेनेच चढवून दिली पाहिजे. त्यासाठी वेळ हवा. आणि एकाच शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता सोपविणाऱ्या व्यवस्थेत नेमका वेळच दुर्मिळ आहे.

तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट 2021 च्या 'निपुण भारत' अभियानाने 2026-27 पर्यंतसाठी ठेवले. त्याचे यशापयश अहवालांतून मोजले जाईलच. माझी कसोटी मात्र साधी आहे. त्या बाईंच्या नातीने उद्या आजीचा कागद हाती घ्यावा, 'व्याज' या शब्दावर बोट ठेवावे आणि न थांबता पुढचा आकडा विचारावा.