जुन्या डिझेल इंजिनाचा जीर्णोद्धार

मृगाचा पाऊस पडून वापसा आला म्हणजे कामरगांवच्या काळ्या शिवारांत पेरणीस थोडेच दिवस मिळतात. नेमकें त्याच वेळीं ट्रॅक्टरचें इंजिन धूर ओकूं लागलें, तर शेतकऱ्याचा हंगाम धोक्यांत येतो. मग "रिंगा बदला व सिलिंडर घासून चकचकीत करा" असा सल्ला कोणीही देतो. हा सल्ला अर्धाच खरा कां, हें येथें पाहावयाचें आहे.

रुडॉल्फ डिझेल याचें इंजिन १८९७ सालीं जर्मनींत ऑग्जबर्ग येथें यशस्वी झालें. पुण्याजवळ खडकी येथें १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली व आपल्या शेतकऱ्यास हें यंत्र परिचयाचें झालें. या इंजिनांत ठिणगी नसते. पिस्टन हवेस मूळ आकारमानाच्या सुमारें सोळाव्या ते विसाव्या भागांत कोंबतो. तेणेंकरून ती पांचशें अंशांहून अधिक तापते व फवारलेलें डिझेल आपोआप पेटतें. हा दाब टिकविण्याचें काम पिस्टनवरील रिंगा व सिलिंडरची भिंत यांचें आहे. भिंत झिजली कीं दाब निसटतो, इंजिन सुरू होण्यास त्रास देतें व वंगण जळून निळसर धूर निघतो.

झीज सर्वत्र सारखी नसते. पिस्टन वरच्या टोकाशीं क्षणभर थांबतो; तेथें उष्णता फार व तेलाचा थर पातळ, म्हणून सिलिंडर वरच्या अंगास अधिक रुंदावतो. कनेक्टिंग रॉडच्या तिरप्या रेट्यानें तो लंबगोलही होतो. यास्तव दुरुस्तीचा आरंभ घासण्यानें नव्हे, मापानें करावा. बोअर गेजनें वर, मध्यें व खालीं, प्रत्येक ठिकाणीं दोन दिशांनीं, अशीं सहा मापें घ्यावीं. झीज कारखान्याच्या पुस्तिकेंतील मर्यादेबाहेर असेल, तर होनिंग व्यर्थ होय. लायनर बदलावा, अथवा बोअर वाढवून त्या मापाचा पिस्टन घालावा.

माप मर्यादेंत असेल, तरच होन हातीं घ्यावा. जुनी भिंत आरशासारखी गुळगुळीत झालेली असते, आणि हा गुळगुळीतपणा हाच तिचा दोष होय. तिजवर तेल ठरत नाहीं व नव्या रिंगा बसत नाहींत. पाट्यास टांकी लावल्यावांचून वाटण होत नाहीं, तसेंच हें आहे. होनाचे दगड फिरत असतां तो एकसारख्या गतीनें वरखालीं नेला, म्हणजे भिंतीवर परस्परांस छेदणाऱ्या बारीक रेघा उमटतात. त्यांतील कोन बहुधा ४५ ते ६० अंशांचा ठेवतात. या रेघांतच तेल राहतें.

यानंतरचें काम क्षुल्लक वाटतें, पण इंजिनाचें आयुष्य त्यावरच ठरतें. रेघांत दगडाची भुकटी उरलेली असते, व ती नुसत्या रॉकेलानें निघत नाहीं. गरम पाणी, साबण व ब्रश घेऊन, पुसलेलें पांढरें फडकें पांढरेंच राहीपर्यंत सिलिंडर धुवावा. मग तो कोरडा करून लागलीच तेल लावावें. रिंग आंत सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट फिलर गेजनें मोजावी. १०० मिलिमीटर व्यासास ती साधारणतः ०.३ ते ०.४ मिलिमीटर असते. नेमका आंकडा पुस्तिकेंत पाहावा. फट फार कमी राहिली, तर तापल्यावर टोकें भिडून रिंग मोडते.

नव्यानें बांधलेलें इंजिन तासन्‌तास रिकामें चालवूं नये. मध्यम काम द्यावें, म्हणजे दाबानें रिंगा भिंतीशीं जुळतात. पहिलें तेल लवकर बदलावें.

शेवटीं मूळ कारणाकडे वळूं. उन्हाळी नांगरटींत उडणारी बारीक माती हवेच्या गाळणींतून आंत शिरली, कीं कानशीप्रमाणें सिलिंडर खाते. गाळणी अस्वच्छ असेल किंवा तिच्या पुढील नळीस चीर असेल, तर उत्तम मिस्त्र्याचें कामही थोड्याच दिवसांत मातीमोल होईल. म्हणून मृगाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यानें आधीं गाळणी उघडून पाहावी.