गालिचाखालचा पत्रा

नांदगाव पेठला महामार्गाच्या कडेला, टिनाच्या शेडखाली दहाचाकी ट्रक उभा आहे. दोन्ही दारं सताड उघडी. ड्रायव्हरची सीट बाहेर कडुनिंबाखाली, आणि तिच्यावर ट्रकमालक बसलेला; गाडीही तोच चालवतो. समोरच्या रस्त्याचा नंबर ५३ होऊन बरीच वर्षं झाली, त्याच्या तोंडी तो अजून सहाच आहे. परवा त्याला वरूडहून संत्रा भरायचा आहे.

मिस्त्री गिअरच्या दांड्याचं रबर सोडवतो आणि गालिचाचं टोक धरून ओढतो. आधी वास येतो, भिजून कुजलेल्या पोत्याचा. खालचा नमदा अख्ख्या पावसाळ्याचं पाणी पिऊन जड झालाय.

"याच वासात झोपतो मी," मालक म्हणतो. "घरी गेलो का बायको कपडे पहिले बाहेर ठेवाले लावते."

क्लचच्या पेडलखाली पत्रा तांबडा झालेला आहे. मिस्त्री पेचकस टेकवतो. तो आरपार जातो. भोकातून खालची माती दिसते.

"पाहा. वरून गालिचा चांगला, खाली हे."

चिखलाचे पाय, दाराचं झिजलेलं रबर, पाणी आत येतं. नमदा ते धरून ठेवतो, पत्र्याला वारा लागू देत नाही. महिने-महिने.

बॅटरीची वायर काढून मग वेल्डिंग. तळहाताएवढा तुकडा बसतो. त्यानंतर दुपारपर्यंत नुसती घासाई चालते: तारेचा ब्रश, ८० नंबरचा पॉलिशपेपर, थिनरचं फडकं, प्रायमर. खरं काम हेच. आता गालिचाच्या जागी पत्र्यावर लायनरचा थर फवारायचा आहे, आणि मातीवर किंवा तेलकट पत्र्यावर मारलेलं लायनर पापुद्र्यासारखं निघून येतं. सीटच्या नटांच्या भोकांत जुने बोल्ट फिरवून ठेवले जातात, आटे बुजू नयेत म्हणून. पेडलं वर्तमानपत्रात गुंडाळली जातात.

मालकाला मात्र वेगळीच काळजी आहे. "नमदा नसला तं मे महिन्यात पाय भाजतीन ना जी. इंजिन खालीच हाये."

त्याचं बरोबर आहे. लायनर पाणी अडवतं, ओरखडे सोसतं. इंजिनची धग ते अडवत नाही, आवाजही फारसा नाही. २०२५ मध्ये नव्यानं तयार होणाऱ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची, आणि तिच्या मालकालाही वऱ्हाडच्याच उन्हात चालायचं आहे. मिस्त्री मान डोलावतो. पत्र्याच्या खालच्या बाजूनं चंदेरी उष्णतारोधक शीट लागेल, वर सुटी रबरी मॅट. "मॅट काढा, बादली मारा, वाळू द्या. चिकटवाची नाई."

लायनरच्या पाऊण लिटर मालात पाव लिटर हार्डनर पडतो. डबा जोरजोरानं हलवला जातो. मदतीचा पोरगा नाकाला रुमाल बांधून पुढे येतो. मिस्त्री तो रुमाल ओढून काढतो.

"अबे, हे रुमालानं थांबत नाई. छाती धरते."

फवारताना उडणाऱ्या वाफेत आयसोसायनेट असतं. कायमचा दमा जडवू शकतं. पोराला डब्यांचा मास्क मिळतो, आम्हाला दूर जायला सांगितलं जातं. मला मिस्त्रीचा त्या क्षणी फार आदर वाटतो. अनेक ठिकाणी ही कामं उघड्या नाकानं होताना मी पाहिली आहेत.

कॉम्प्रेसर धडधडतो. गन एका हाताच्या अंतरावरून सावकाश सरकते. पहिला हात पातळ. तासाभरानं दुसरा. काळी चमक हळूहळू मंद होते आणि पत्र्यावर संत्र्याच्या सालीसारखे दाणे उठतात. मालक पायरीपाशी येतो, बोट पुढे करतो.

"हात नका लावू, भाऊ! उद्यापर्यंत पायसुद्धा नाई."

"मंग झोपू कुठं?"

मिस्त्री शेडमधली खाट दाखवतो. मालक केबिनमधून सकाळीच काढून ठेवलेली गजानन महाराजांची तसबीर टॉवेलात गुंडाळून उशाशी ठेवतो, आणि खाट अशी फिरवून घेतो की पडल्या पडल्या गाडी दिसावी.