भरू पाहणारी जखम

अन्य शल्यविशारद आपण केलेली जखम लवकर भरावी म्हणून जपत असतात; काचबिंदूवर शस्त्रक्रिया करणाऱ्याला मात्र, आपण मोठ्या कौशल्याने काढलेली पाण्याची वाट रुग्णाचा देहच बुजवून टाकील, हीच धास्ती असते.

डोळ्यात मिनिटाला सुमारे २ मायक्रोलिटर पाणी पाझरते आणि तितकेच बाहेर पडते. हा निचरा अडला की दाब चढतो, दृष्टिनाडीचे तंतू मरतात, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. केंब्रिजच्या केर्न्स यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या ट्रॅबेक्युलेक्टॉमीत बुबुळाच्या वरच्या कडेला श्वेतपटलाची पातळ झडप उचलून तिच्याखाली छिद्र पाडतात, आणि त्यातून येणारे पाणी वरच्या पापणीआडच्या नाजूक आवरणाखाली साठून तेथे एक लहानसा फुगवटा उभा राहतो. हा फुगवटा टिकला तर शस्त्रक्रिया टिकली. परंतु तंतुजनक पेशी तेथे धाव घेतात, कोलाजनचे दाट थर रचतात आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वण घट्ट होऊन फुगवटा बसतो.

यावर रूढ झालेला इलाज म्हणजे मायटोमायसिन-सी. मुळात कर्करोगावरचे हे औषध स्पंजाच्या तुकड्याने काही मिनिटे लावून धुऊन टाकतात. ते पेशींची वाढ रोखते खरे. पण त्याने आवरण कधी इतके विरळ व रक्तहीन होते की पाणी गळते, आणि कित्येक वर्षांनीही जंतूंना डोळ्यात शिरकाव मिळतो.

संशोधक यानस व बर्क यांनी १९८१ च्या सुमारास भाजलेल्यांसाठी कृत्रिम त्वचा सिद्ध केली, तिच्याच कुळातली ऑलोजेन नावाची चकती या औषधाहून सौम्य मार्ग धरते. सुमारे ६ मिलिमीटर व्यासाची ही सच्छिद्र चकती झडपेवर ठेवून वरून आवरण शिवतात. पाणी पिऊन ती फुगते व झडपेवर भार देते, त्यामुळे दाब एकाएकी कोसळत नाही. आणि तिच्या वेड्यावाकड्या छिद्रांत शिरलेल्या पेशी आपले तंतू एका दिशेने न ओढता विस्कळीत, सैल असे ऊतक विणतात. तीन ते सहा महिन्यांत चकती विरघळून जाते. ती डुकराच्या कोलाजनची असते, हे रुग्णाला आधी सांगणे मी वैद्याचे कर्तव्य समजतो.

अनेक चाचण्यांत तिने मायटोमायसिनच्या तोडीस तोड दाब उतरवला, तरी तिचे श्रेष्ठत्व निर्विवाद ठरलेले नाही. म्हणून काही शल्यविशारद चकतीच्या जोडीला औषधाची अल्प मात्रा वापरतात, आणि मला ही तजवीज समंजसपणाची वाटते.