जुनी बुलेट : आवाज कशानं बदलतो?

मागच्या आठवड्यात आपण ऑइलचा इंजिनातला प्रवास पाहिला. आता आवाजाकडे वळू, कारण कास्ट आयर्न बुलेट बाळगणाऱ्याची झोप उडवणारी गोष्ट हीच. गाडी ओढते, धूर नाही, ऑइल खात नाही, तरी इंजिनात काहीतरी वाजतं. गॅरेजमध्ये नेली की उत्तर तयार असतं, ‘टॅपेट वाजतायत.’ टॅपेट लावून मिळतात आणि घरी पोचेपर्यंत आवाज पुन्हा हजर.

अशा वेळी ‘आवाज कुठून येतोय?’ हा प्रश्न बहुतेक जण आधी विचारतात. तो मागाहून विचारावा असं माझं ठाम मत आहे. ३४६ सीसीच्या त्या एका सिलिंडरभोवतीचे सगळे भाग बोल्टांनी एकमेकांना घट्ट आवळलेले असतात. त्यामुळे डावीकडे वाजलेलं उजवीकडे ऐकू येतं, खाली वाजलेलं टाकीखाली घुमतं. आधी बघायचं ते आवाज कशानं बदलतो. इंजिन थंड असताना आणि तापल्यावर, क्लच दाबल्यावर आणि सोडल्यावर, चढावर आणि उतारावर तो कसा असतो? या तीन जोड्यांची उत्तरं कागदावर लिहून होईपर्यंत पान्याला हात लावू नये. टॅपेट, चेन आणि पॉइंट एकाच दुपारी हलवले, तर आवाज गेला तरी तो कशाचा होता हे कळत नाही. तो परत आला की सगळं पहिल्यापासून सुरू.

बुलेटचं आयडलिंग सावकाश असतं आणि त्याचा इथे फार उपयोग होतो. मिनिटाला ९०० फेरे धरले तर क्रँक सेकंदाला १५ वेळा फिरतो. फोर-स्ट्रोक इंजिनात कॅमचा वेग त्याच्या निम्मा, म्हणून प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला साडेसात वेळा उघडतो. सायलेन्सरमधून येणारा ठोकाही क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पडतो. म्हणजे सायलेन्सरचा ठोका आणि टॅपेटची टिकटिक एकाच तालात चालतात. दर ठोक्याला एक टिक पडत असेल तर एखादा टॅपेट सैल असू शकतो. दर ठोक्याला दोन टिका, पण त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त असेल, तर दोन्ही सैल असू शकतात, कारण इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सारख्या अंतरानं मिटत नाहीत. ठोक्याशी काही नातंच नसलेली खडखड असेल तर टॅपेटचं झाकण उघडण्यात अर्थ नाही.

मात्र त्याच तालात टिकटिकणारी आणखी एक जागा आहे आणि ती भल्याभल्यांना चकवते. एक्झॉस्ट पाइप हेडमध्ये बसतो तो सांधा सैल झाला की दर ठोक्याला तिथून गॅसची बारीक फुंकर बाहेर पडते. ती हुबेहूब टॅपेटसारखी ऐकू येते. वारंवार टॅपेट लावूनही न जाणारी टिकटिक बऱ्याचदा हीच असते. सांध्याभोवती काजळीची काळी रेघ दिसते का बघा. सकाळी थंड इंजिन चालू केल्याबरोबर सांध्याजवळ तळहात धरा, टेकवू मात्र नका. फुंकर जाणवते. पाइप तापायला वेळ लागत नाही, म्हणून ही तपासणी पहिल्या काही सेकंदांतच उरकायची.

सांधा शाबूत निघाला, तरच टॅपेटकडे जायचं. इंजिन पूर्ण थंड हवं, पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत सगळ्यात वर हवा आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले हवेत. सिलिंडरच्या उजव्या बाजूचं छोटं झाकण काढलं की पुशरॉडची खालची टोकं दिसतात. पुशरॉड चिमटीत धरून फिरवल्यावर सहज फिरला पाहिजे, वर-खाली मात्र हलता कामा नये. आवाज नको म्हणून टॅपेट आवळून ठेवणारे मिस्त्री आहेत आणि त्यांच्या या सवयीची मला खरोखर काळजी वाटते. आवळलेला व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवाटेच बाहेर टाकतो. ती वाट बंद झाली की तो जळतो. गाडी शांत होते आणि काही महिन्यांत ओढायची थांबते. थोडी टिकटिक राहिलेली परवडली.

आता क्लच. गाडी न्यूट्रलमध्ये आयडलवर ठेवा आणि क्लच सावकाश दाबा. जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा असतो. डावीकडच्या केसमधली प्रायमरी चेन क्रँकची गती क्लचच्या बास्केटपर्यंत नेते आणि क्लच ती गिअरबॉक्सला देतो. क्लच दाबला की गिअरबॉक्सच्या आतलं फिरणं थांबतं, चेन आणि बास्केट मात्र फिरत राहतात. म्हणून दाबल्यावर घरघर थांबली तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. उलट, दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर बास्केटच्या मधलं बेअरिंग तपासायचं. एरवी बास्केट आणि आतला हब एकत्र फिरतात, त्यामुळे त्या बेअरिंगला काही काम नसतं. क्लच दाबल्यावर बास्केट एकटी फिरते आणि बेअरिंगची झीज बोलू लागते.

क्लच दाबून-सोडून काहीच फरक पडला नाही, आवाज डावीकडे अनियमित खडखडतो आणि थ्रॉटल जरा दिल्यावर कमी होतो, तर प्रायमरी चेन सैल आहे. केसच्या वरचं बूच काढून बोटानं चेन दाबून बघता येते. साधारण ६ मिलिमीटर ढील असावी. इंजिन बंद ठेवून किक हळूहळू फिरवत वेगवेगळ्या जागी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. मोजायचं ते सगळ्यात ताठ जागेवर. ढिल्या जागेवर मोजून आवळली तर ताठ जागा बेअरिंग ओढत राहते.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावण्याची जुनी रीत चांगली आहे, पण ती इथपर्यंत आल्यावर वापरायची. एका जागी ऐकून निर्णय द्यायचा नाही, शेजारच्या दोन-तीन जागांशी तुलना करायची. सैल बाह्या आणि ओढण्या फिरत्या चेनपासून लांब ठेवायच्या.

गाडी चालतानाच वाजत असेल तर मोकळ्या, सौम्य उतारावर न्यूट्रल करून इंजिन बंद करा. आवाज चालूच राहिला तर तो चाक, ब्रेक किंवा मागच्या चेनचा. थांबला तर इंजिनाचा, किंवा इंजिनाच्या थरथरीनं वाजणाऱ्या मडगार्डच्या सळीचा, टूलबॉक्सच्या झाकणाचा.

उरली थंड-गरमची जोडी. ॲल्युमिनियमचा पिस्टन उष्णतेनं कास्ट आयर्नच्या सिलिंडरपेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतो. म्हणून झिजलेल्या बोअरमधला पिस्टन सकाळी वाजतो आणि इंजिन तापलं की गप्प होतो. असा आवाज असताना गाडी बराच काळ चालवता येते, सावकाश चालवावी आणि बोअरचं काम सवडीनं काढावं. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं, म्हणजे बिगएन्डचं, उलट. इंजिन तापून ऑइल पातळ झालं आणि गाडी वरच्या गिअरमध्ये घाट चढू लागली की खालून जड, बोथट ठोका येतो. घाटातच वरून येणारी बारीक, धातूची किणकिण मात्र वेगळी. ती बहुधा टायमिंग पुढे गेल्याची असते आणि टायमिंग मागे घेतल्यावर जाते.

जड ठोका ऐकू आला तर गाडी तिथेच बंद करावी आणि टेम्पोत घालून आणावी. पुढच्या आठवड्यात आपण ब्लॉक काढून कनेक्टिंग रॉड हातानं तपासू. रॉड बाजूला थोडा सरकला तर घाबरायचं नाही, पण वर-खाली जराही हलला तर फुल इंजिनचं काम आलं.