कोणत्या तारखेचे जहाज?

इंग्लंडातील पोर्ट्समथच्या गोदीत 1922 सालापासून पाण्याबाहेर उभे असलेले नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ हे जहाज 2015 साली नव्याने रंगविण्यात आले, आणि त्या निमित्ताने त्याच्या लाकडावर पिढ्यानुपिढ्या साचलेल्या रंगाच्या 72 थरांची शास्त्रीय तपासणी झाली, तेव्हा असे आढळून आले की, ज्या गडद, नारिंगीकडे झुकणाऱ्या पिवळ्या पट्ट्यांवरून जग त्या जहाजाला ओळखत होते, तो पिवळा रंग ट्रफाल्गरच्या लढाईच्या दिवशी, म्हणजे 21 ऑक्टोबर 1805 रोजी, त्याच्या अंगावर नव्हताच. होता तो पुष्कळ फिकट आणि किंचित गुलाबी छटेचा. गोदी पाहावयास येणाऱ्या प्रवाशाला हा फरक कदाचित जाणवलाही नसेल. परंतु लाकडी फळ्या, सुताचे दोर आणि पितळी तोफा यांचा संच विकत आणून, वर्षानुवर्षे खपून, त्याच जहाजाची लहान प्रतिकृती बांधणाऱ्या हौशी कारागिरांच्या दृष्टीने तो एका प्रमाणग्रंथाचा पाठ बदलावा इतक्या महत्त्वाचा होता.

या छंदाविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, आणि जे लोक तो दुरून पाहतात ते त्याला चिकाटीचा खेळ समजतात. चिकाटी लागते यात शंका नाही. तथापि या कामाचा खरा गाभा दस्तऐवज वाचण्यात आहे, असे माझे मत आहे. जहाज ही एकदा बांधून कायम झालेली वस्तू नसते. ‘व्हिक्टरी’चा कणा चॅटमच्या गोदीत 1759 साली मांडला गेला, सर टॉमस स्लेड याच्या आराखड्याप्रमाणे ते 1765 साली पाण्यात उतरले; त्या वेळी त्याच्या पिछाडीला उघडे सज्जे होते, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, अतिशय अलंकृत शिल्प होते, आणि तळाला तांब्याचा पत्रा नव्हता. तो पत्रा 1780 साली चढला. 1800 ते 1803 या काळातील मोठ्या दुरुस्तीत पिछाडीचे सज्जे बंद झाले व नाळेवरचे शिल्प साधे झाले. ट्रफाल्गरनंतर, 1814 च्या सुमारास हाती घेतलेल्या दुरुस्तीत, नाळेचा वरचा भागच बदलला, आणि तो पुन्हा पूर्ववत करण्यास विसावे शतक उजाडावे लागले. विसाव्या शतकात प्रेक्षक ज्या डोलकाठ्या पाहत त्यांचे खालचे भाग तर 1894 साली ‘शाह’ नावाच्या दुसऱ्याच जहाजावरून आणलेले, पोकळ लोखंडाचे होते. म्हणून ज्याला अचूक प्रतिकृती बांधावयाची आहे त्याने प्रथम तारीख ठरविली पाहिजे. 1765 चे उघडे सज्जे आणि 1803 चे नाळेवरचे साधे शिल्प एकाच प्रतिकृतीवर आले की, कारागिरी कितीही निर्दोष असो, असे जहाज कोणत्याही दिवशी अस्तित्वात नव्हते, हे मान्य करावे लागते.

प्रतिकृती बांधण्याची परंपरा जहाजांच्या कारखान्यांतच जन्मली. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडच्या आरमारखात्यासाठी ज्या प्रतिकृती तयार होत, त्यांत पाण्याखालच्या भागावर मुद्दाम फळ्या न ठोकता आतील फासळ्यांची रचना उघडी ठेवलेली असे. पुष्कळदा त्या 1:48 या प्रमाणात, म्हणजे एका फुटाला पाव इंच या हिशेबाने, बांधलेल्या असत, कारण गोदीतील नकाशेही त्याच प्रमाणात काढण्याचा प्रघात होता. आरमाराच्या दफ्तराचा कारभारी सॅम्युएल पेपिस याला अशा प्रतिकृतींची मोठी आवड होती. ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात आणि अमेरिकेतील ॲनापोलिसच्या नाविक अकादमीत त्यांचे उत्कृष्ट संग्रह आज पाहावयास मिळतात, आणि संशोधक त्यांच्याकडे अव्वल दर्जाचा पुरावा म्हणून वळतात.

याच्या अगदी उलट जातीच्या प्रतिकृती नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजांच्या कैदेत पडलेल्या फ्रेंच खलाशांनी केल्या. पीटरबरोजवळच्या नॉर्मन क्रॉस येथील छावणीत जेवणातून उरलेली हाडे तासून, घासून, त्यांच्या इवल्या फळ्या करून या माणसांनी जी जहाजे उभारली, ती पाहून मन थक्क होते. पण त्यांच्यापाशी नकाशे नव्हते. स्मृतीवर विसंबून बांधलेल्या या जहाजांच्या डोलकाठ्या बहुधा प्रमाणाबाहेर उंच असतात आणि तोफा प्रमाणाबाहेर मोठ्या. सौंदर्य आणि प्रामाण्य ही दोन मूल्ये किती स्वतंत्र आहेत, हे या दोन परंपरा शेजारी ठेवून पाहिल्यावर जितके स्पष्ट होते तितके अन्यत्र क्वचितच होत असेल.

आजचा संच, ज्याला सर्वत्र ‘किट’ हेच नाव रूढ आहे, या दोहोंच्या मधोमध उभा आहे. अमेरिकेत 1946 साली सुरू झालेली मॉडेल शिपवेज, डेन्मार्कची बिलिंग बोट्स, इटलीच्या अमाती व कोरेल, स्पेनची आर्तेसानिया लातीना, इंग्लंडची कॅल्डरक्राफ्ट अशा मंडळींनी हा उद्योग वाढविला. पेटी उघडली की प्लायवूडचा एक लांबट कणा निघतो, आणि त्याच्या खाचांत आडवे बसविण्याचे तक्ते निघतात. त्या तक्त्यांच्या कडांवर प्रथम मऊ लाकडाच्या आणि मग अक्रोडासारख्या चांगल्या लाकडाच्या पातळ पट्ट्यांचा असे दोन थर चढवावयाचे असतात. खऱ्या जहाजाला इतके विरळ तक्ते नसून दाट फासळ्या असत, म्हणजे आतील सांगाडा ही सोय आहे, इतिहास नाही. पण बाहेरून तो झाकला जातो आणि त्याबद्दल कोणी तक्रार करू नये.

तक्रार करण्याजोगी गोष्ट पुढे येते. जहाजाचे पोट मध्यभागी फुगीर आणि नाळेपाशी अरुंद असल्यामुळे, मध्ये पूर्ण रुंदीने बसलेल्या फळ्यांना पुढे जागा पुरत नाही. पुष्कळ संचांबरोबरच्या सूचना अशा वेळी फळीचे टोक सुईसारखे निमुळते करून बसविण्यास सांगतात. खऱ्या गोदीतला सुतार असे कधी करीत नसे, कारण इतक्या अरुंद टोकात खिळा धरत नाही, आणि फळ्यांच्या सांध्यांत जुन्या दोरांचा पिंजलेला काथ्या ठासून वर डांबर ओतताना ते टोक फाटून जाते. तो प्रत्येक फळी नाळेकडे हळूहळू निमुळती करीत जाई, आणि तिची रुंदी निम्म्याच्या खाली जाऊ लागली की दोन फळ्या एका रुंद फळीत विलीन करी. पिछाडीकडे, जिथे उलट जागा उरते, तिथे जादा फळीचा तुकडा घाली. हे एकदा समजले की नियम पाठ करावे लागत नाहीत. बोटांखालची पट्टी, वाफेने मऊ करून वळविताना, ज्या दिशेला आपणहून वळू पाहते त्या दिशेला तिला जाऊ द्यावे. ती जबरदस्तीने कडेवर वाकवावी लागत असेल तर आपली आखणी चुकली आहे, असे खुशाल समजावे.

तांब्याच्या पत्र्याचीही तीच कथा. हा पत्रा लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यापासून तळाचे रक्षण करी, आणि त्याचा नेहमीचा आकार चार फूट लांब व चौदा इंच रुंद असे. 1:72 या प्रमाणात तो जेमतेम 17 मिलिमीटर लांब व 5 मिलिमीटर रुंद होतो. एवढ्या पत्र्यावर खिळ्यांची डोकी टपोऱ्या दाण्यांसारखी उठवून दाखविण्याची जी रीत पडली आहे ती दिसावयास आकर्षक असली तरी अनैतिहासिक आहे: खरे खिळे पत्र्याशी सपाट ठोकलेले असत, आणि काही हातांवरून पाहता ते दिसतही नसत.

दोरकामात मात्र अभ्यासाला खरा वाव मिळतो, आणि माझ्या मते या छंदातील सर्वांत रमणीय भाग तोच. जुन्या कोष्टकांत दोराचे माप व्यासात दिलेले नसून घेरात दिलेले असते. बारा इंची दोर म्हणजे सुमारे 97 मिलिमीटर व्यासाचा दोर, आणि 1:72 मध्ये तो 1.35 मिलिमीटर होतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याची प्रतिकृती तिप्पट जाड दोरांनी जखडली जाते. डेव्हिड स्टील याने 1794 साली छापलेली कोष्टके, आर. सी. अँडरसन याचा 1927 चा ग्रंथ, आणि डॉ. लाँग्रिज यांनी 1955 साली प्रसिद्ध केलेला ‘द अ‍ॅनाटमी ऑफ नेल्सन्स शिप्स’ हे ग्रंथ पुढे ठेवून, कोणता दोर डोलकाठी सावरण्यासाठी कायम ताणलेला व म्हणून डांबराने काळा झालेला, आणि कोणता शीड ओढण्यासाठी कप्प्यांतून सरकणारा व म्हणून फिकट, हे ओळखू लागले की, जे आधी नुसते जाळे वाटत होते त्यात प्रत्येक दोराला कारण दिसू लागते. हौशी मंडळी बाजारी सूत सोडून लहानशा यंत्रावर स्वतः दोर वळतात, ती याचसाठी: खऱ्या दोराचा पीळ बाजारी सुतात क्वचितच उतरतो.

पुरावा बदलला म्हणजे प्रतिकृती कशी बदलते, याचे ‘व्हिक्टरी’पेक्षाही ठळक उदाहरण स्वीडनच्या ‘वासा’ या जहाजाचे आहे. 10 ऑगस्ट 1628 रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्याच सफरीवर निघालेले हे जहाज सुमारे 1300 मीटर जाऊन वाऱ्याच्या झोतासरशी कलले, खालच्या मजल्यावरील तोफांच्या उघड्या झडपांतून पाणी आत शिरले, आणि ते बुडाले. लाकूड पोखरणारा किडा बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात जगत नसल्यामुळे ते टिकून राहिले. अँडर्स फ्रान्झेन याने 1956 साली त्याचा ठाव लावला आणि 24 एप्रिल 1961 रोजी ते वर आले. त्याच्या पिछाडीवरील शेकडो शिल्पांचा मूळ रंग उडून गेला होता, आणि त्यांची पार्श्वभूमी निळी असावी असा समज दीर्घकाळ प्रचलित राहिला. म्हणून त्या काळच्या प्रतिकृती निळ्या झाल्या. पुढे लाकडाच्या रंध्रांत अडकलेल्या रंगकणांची सूक्ष्म तपासणी झाल्यावर ती पार्श्वभूमी लाल ठरली. निळा ‘वासा’ बांधणाऱ्यांना मी दोष देणार नाही. त्यांनी आपल्या काळी उपलब्ध असलेल्या पुराव्याशी इमान राखले होते.

आता प्रश्न असा की, आपल्या किनाऱ्यावरील जहाजांचे काय? आंग्र्यांच्या आरमारातील गुराब पेटीत मिळावी, अशी इच्छा कोणत्या मराठी माणसाला होणार नाही? परंतु जे लिखित वर्णन आधारास घ्यावे ते बहुतांशी परक्यांचे. रॉबर्ट ऑर्म या इतिहासकाराने 1763 साली छापलेल्या ग्रंथात लिहिले आहे की, गुराबेला बहुधा दोन व क्वचित तीन डोलकाठ्या असत. तीन काठ्यांची गुराब सुमारे 300 टनांची असे. लांबीच्या मानाने रुंद आणि उथळ पाण्यात चालणारी अशी तिची बांधणी असून पुढे भूमध्य समुद्रातील गॅलीसारखी लांब सोंड निघालेली असे, आणि त्या सोंडेवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा असत. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चालणारे आणि मोठे तिकोनी शीड धारण करणारे. हे वर्णन मोलाचे आहे, पण यावरून फासळीचा वळसा काढता येत नाही, फळीची जाडी ठरत नाही, दोराचा घेर तर नाहीच नाही. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा जहाजांबरोबर मापे घेण्याची शक्यताही जळाली. म्हणून गुराबेची प्रतिकृती कोणी अवश्य बांधावी, पण तिच्या पाटीवर वर्णनातून आलेले काय आणि अनुमानाने भरलेले काय, हे वेगवेगळे लिहावे.

मुंबईच्या गोदीचे भाग्य याबाबतीत निराळे आहे. लवजी नसरवानजी वाडिया 1736 साली सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्यातील जमशेटजी बमनजी यांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरली. तिचा आराखडा, 1782 साली इंग्रजांनी पकडलेल्या ‘हेब’ या फ्रेंच जहाजावरून तयार झालेला, विलायतेहून ज्या ‘जावा’ जहाजाने मुंबईस येत होता ते 1812 साली अमेरिकनांनी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ जिंकले, आणि नकाशे पुन्हा पाठवावे लागले. इंग्लंडात ओकचा तुटवडा असल्याने ती मलबारी सागवानाची झाली, आणि सागवानाची झाली म्हणूनच आज हार्टलपूल येथे तरंगत आहे. तिच्यातही तारीख ठरवावीच लागते, कारण 1845 साली तोफा कमी करून तिची पिछाडी बदलण्यात आली. वाडियांची ‘ट्रिंकोमाली’ बांधावयाची तर पिछाडीसाठी मूळ आराखड्याकडे आणि बाकी अंगासाठी प्रत्यक्ष जहाजाकडे जावे. 1:64 या प्रमाणात तिचा सुमारे 150 फुटांचा तोफांचा मजला 71 सेंटीमीटर भरतो. आणि लाकूड? मोह सागवानाचाच होईल, पण सागाची रंध्रे इतकी ठळक असतात की, 1:64 मध्ये प्रत्येक फळीवर बोटभर रुंद चरे पडल्याचा भास होतो. त्याऐवजी पेअरसारखे घट्ट, बारीक पोताचे लाकूड घ्यावे आणि त्याला सागाच्या रंगाचा हात द्यावा.