कॅमेऱ्याचे ‘पट’ कसे मोजावेत?

समजा तुमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाने वर्गणी काढून एक डिजिटल कॅमेरा घ्यायचे ठरवले आहे. झाडाच्या शेंड्यावरचे घरटे, तळ्याच्या पलीकडच्या काठावर उतरलेले पाणपक्षी, चंद्रावरची विवरे असे बरेच काही त्याने टिपायचे आहे. दुकानात गेल्यावर काय दिसते? एका खोक्यावर ‘२५ पट झूम’, दुसऱ्यावर ‘एकूण १२० पट’, तिसऱ्यावर ‘१२५ पट’. ज्याचा आकडा मोठा तो कॅमेरा चांगला, असे कोणालाही वाटेल. पण वर्गणी काही पुन्हा पुन्हा जमत नाही. म्हणून हे आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, ते आधीच समजून घेतलेले बरे. त्यासाठी शाळेत शिकलेले प्रकाशशास्त्र आणि साधा भागाकार एवढे भांडवल पुरते.

दोन भिंगे आणि एक खिडकी

प्रयोगशाळेतून सारख्याच व्यासाची दोन बहिर्गोल भिंगे घ्या. एकाचे नाभीय अंतर १० सें.मी. आणि दुसऱ्याचे २० सें.मी. असावे. खोलीतले दिवे मालवा. खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावा आणि पहिले भिंग कागदापुढे धरून मागेपुढे सरकवा. भिंग कागदापासून सुमारे १० सें.मी.वर आले, की बाहेरच्या दूरच्या झाडाची लहानशी, उलटी, रंगीत प्रतिमा कागदावर उमटेल. तिची उंची पट्टीने मोजा. आता दुसऱ्या भिंगाने हेच करा.

दोन गोष्टी तुमच्या ध्यानात येतील. पहिली अशी, की नाभीय अंतर दुप्पट केले तर प्रतिमेची उंची दुप्पट होते. दुसरी अशी, की ही मोठी प्रतिमा मंद असते. याचे कारण उघड आहे. भिंगाचा व्यास तोच, म्हणून आत येणारा प्रकाशही तेवढाच. पण तो आता चौपट क्षेत्रावर पसरला. कॅमेऱ्याच्या झूमचे जवळजवळ सारे शास्त्र या दोन निरीक्षणांत सामावलेले आहे.

डिजिटल कॅमेऱ्यात कागदाच्या जागी प्रकाश जाणणारी चकती असते. तिला संवेदक म्हणतात. त्यावर लक्षावधी सूक्ष्म चौकटी असतात आणि प्रत्येक चौकट चित्रातला एक बिंदू, म्हणजे पिक्सेल, देते. १९७५ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा चित्रात १०० गुणिले १००, म्हणजे फक्त १०,००० बिंदू होते आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदवायला २३ सेकंद लागत. आज कोट दोन कोट बिंदू ही सामान्य गोष्ट आहे.

झूम म्हणजे काय?

झूम भिंगात अनेक भिंगांचे गट एका नळीत बसवलेले असतात. काही गट प्रकाश एकवटतात, काही पसरवतात. त्यांच्यामधील अंतरे बदलली, की सगळ्या संचाचे मिळून नाभीय अंतर बदलते. मात्र त्याबरोबर प्रतिमा संवेदकावरून हलता कामा नये, म्हणून दुसरा एखादा गटही नेमका तेवढाच सरकवावा लागतो. हे जमवणे सोपे नव्हते. ४० ते १२० मि.मी. नाभीय अंतराचे ‘वारो’ हे सिनेमाचे झूम भिंग १९३२ साली आले. साध्या कॅमेऱ्यासाठी झूम भिंग यायला १९५९ साल उजाडले. त्याचे नाव ‘झूमार’ आणि नाभीय अंतर ३६ ते ८२ मि.मी., म्हणजे झूम अवघे २.३ पट!

हा आकडा कसा काढला? कमाल नाभीय अंतराला किमान अंतराने भागले. ‘पट’ म्हणतात ते एवढेच. ते केवळ गुणोत्तर आहे. त्यावरून कॅमेरा किती दूरचे दाखवील हे कळत नाही. पक्ष्यांची प्रकाशचित्रे घेणारे अनेकजण ६०० मि.मी.चे एकाच नाभीय अंतराचे भिंग वापरतात. त्याचे नाभीय अंतर बदलतच नाही, म्हणून त्याचा झूम एक पट. तरी दूरचा पक्षी ते उत्तम टिपते.

ही झाली भिंगाची करामत. तिला ऑप्टिकल झूम म्हणतात. डिजिटल झूममध्ये भिंग जागचे हलतही नाही. संवेदकावरच्या चित्राचा मधला तुकडा कापून मोठा केला जातो. त्यात नवा तपशील येत नाही, जसा वर्तमानपत्रातले चित्र हातभिंगाने पाहिले तर ठिपके मोठे दिसतात, पण चित्रातला माणूस अधिक स्पष्ट होत नाही. खोक्यावर ‘एकूण १२० पट’ छापले असेल, तर तो बहुधा ऑप्टिकल ३० आणि डिजिटल ४ यांचा गुणाकार असतो. त्यातला ४ सोडून द्या.

चंद्रावरचा हिशेब

आता एक खरे उदाहरण घेऊ. २०१८ साली आलेल्या निकॉन कूलपिक्स पी १००० या कॅमेऱ्याचा ऑप्टिकल झूम १२५ पट होता. भिंगावर छापलेले नाभीय अंतर ४.३ ते ५३९ मि.मी. संवेदकाची रुंदी सुमारे ६.१७ मि.मी., आणि तेवढ्यात ४,६०८ बिंदू. म्हणजे एक बिंदू साधारण १.३ मायक्रॉनचा. (१ मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग.)

चंद्राचा व्यास ३,४७४ कि.मी. आणि सरासरी अंतर ३,८४,४०० कि.मी. म्हणजे अंतर व्यासाच्या सुमारे ११० पट. म्हणून कोणत्याही भिंगाने पडणारी चंद्राची प्रतिमा नाभीय अंतराच्या ११०व्या भागाएवढी असते. झूम मुळीच न करता ती ०.०३९ मि.मी. भरते. त्यात जेमतेम २९ बिंदू मावतात आणि एका बिंदूच्या वाट्याला चंद्राचा १२० कि.मी. भाग येतो. कोपर्निकस हे प्रसिद्ध विवर सुमारे ९३ कि.मी. व्यासाचे आहे. ते अख्खे एका बिंदूत बुडून जाईल. डिजिटल झूम कितीही वाढवा, जे नोंदलेच गेले नाही ते दिसणार कोठून?

हाच झूम ऑप्टिकल रीतीने ५३९ मि.मी.पर्यंत नेला, तर चंद्राची प्रतिमा ४.९ मि.मी. होते. संवेदकाच्या उंचीत ती मावतही नाही! आता एका बिंदूत चंद्राचा सुमारे १ कि.मी. भाग येतो. मग १ कि.मी.चे बारकावे दिसतील का? नाही. इथे निसर्ग आडवा येतो.

प्रकाश तरंगरूप असल्यामुळे भिंगाच्या गोल छिद्रातून जाताना तो किंचित पसरतो. याला विवर्तन म्हणतात. त्यामुळे बिंदूसारख्या ताऱ्याचीही प्रतिमा बिंदू न राहता लहानशी तबकडी होते. तिचा व्यास २.४४ गुणिले प्रकाशाची तरंगलांबी गुणिले ‘एफ’ आकडा इतका असतो. एफ आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा व्यास. पूर्ण झूमवर या कॅमेऱ्याचा एफ आकडा ८ आहे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरली, तर तबकडी १०.७ मायक्रॉनची होते. म्हणजे ती जवळजवळ ८ बिंदूंच्या रुंदीवर पसरते. दोन खुणा वेगळ्या दिसायला त्यांच्यात निदान अर्ध्या तबकडीचे अंतर हवे. म्हणून हवा शांत असली, तरी चंद्रावरचे साधारण ४ कि.मी.हून बारीक तपशील मिळत नाहीत.

याच्या शेजारी २०१७ सालचा सोनी आरएक्स १० मार्क ४ ठेवून पाहू. याचा झूम फक्त २५ पट. नाभीय अंतर ८.८ ते २२० मि.मी., पूर्ण झूमवर एफ आकडा ४. त्याचा संवेदक १३.२ गुणिले ८.८ मि.मी., म्हणजे पहिल्याच्या चौपट क्षेत्राचा, आणि एक बिंदू २.४ मायक्रॉनचा. यात चंद्राची प्रतिमा २ मि.मी. पडते आणि एका बिंदूत ४ कि.मी. भाग येतो. दोन खुणांमध्ये निदान एक बिंदू मोकळा हवा असे धरले, तर ८ कि.मी.पर्यंतचे तपशील मिळतात.

निष्कर्ष पाहा. खोक्यावर फरक १२५ विरुद्ध २५, म्हणजे पाच पट. प्रत्यक्ष तपशिलात फरक दोन पट. कारण छिद्राचे व्यास काढून पाहिले तर पहिल्याचा ५३९ ÷ ८ = ६७ मि.मी. आणि दुसऱ्याचा २२० ÷ ४ = ५५ मि.मी. यात फारसे अंतर नाही. उलट सायंकाळच्या मंद उजेडात एफ/८पेक्षा एफ/४चे भिंग संवेदकाच्या प्रत्येक चौरस मि.मी.वर चौपट प्रकाश टाकते. तेव्हा मुख्यतः चंद्र आणि दूरचे पक्षी भरउन्हात टिपायचे असतील तर पहिल्या जातीचा कॅमेरा, आणि सकाळ-संध्याकाळचे पक्षी, शाळेतले कार्यक्रम असे सगळेच हवे असेल तर दुसऱ्या जातीचा उपयोगी. मॉडेले बदलत राहतात, पण हा हिशेब बदलत नाही.

फोन पुरणार नाही का?

काही फोनमध्ये लोलक बसवून प्रकाश काटकोनात वळवतात आणि लांब नाभीय अंतराचे भिंग फोनमध्ये आडवे ठेवतात. ही खरी ऑप्टिकल वाढ आहे. परंतु त्यापुढची वाढ डिजिटल असते, आणि काही फोन तर कमी पडलेला तपशील आपल्या अंदाजाने भरून काढतात. २०२३ साली एका वापरकर्त्याने मुद्दाम धूसर केलेले चंद्राचे चित्र संगणकाच्या पडद्यावर दाखवून त्याचा फोटो एका फोनने घेतला. फोनने दिलेल्या चित्रात मूळ चित्रात नसलेले बारकावे होते! भिंतीवर टांगायला असे चित्र छान. पण विज्ञान मंडळाच्या नोंदवहीत ते पुरावा म्हणून लावता येणार नाही. घरट्यात अंडी दोन की तीन, हे कॅमेऱ्याने पाहून सांगायला हवे, कल्पनेने नव्हे.

दुकानात काय पाहावे?

१. भिंगाच्या कड्यावरचे आकडे वाचा: नाभीय अंतराची दोन टोके आणि एफचे दोन आकडे. पूर्ण झूमवरचा एफ आकडा जितका लहान तितके चांगले.

२. संवेदकाचा आकार मि.मी.मध्ये विचारा. नुसत्या मेगापिक्सेलवर जाऊ नका.

३. माहितीपत्रकात ‘३५ मि.मी. समतुल्य’ नाभीय अंतर दिलेले असते. दोन कॅमेऱ्यांत किती जागा दिसते याची तुलना त्यावरूनच करा. वरील दोन कॅमेऱ्यांचे ते कमाल ३,००० आणि ६०० मि.मी. आहे.

४. थरथर रोखण्याची सोय आहे ना ते पाहा. हातात धरून घेतलेल्या चित्रासाठी जुना नियम असा, की उघडझापेचा वेळ १ भागिले समतुल्य नाभीय अंतर इतक्या सेकंदांहून अधिक नसावा. ६०० मि.मी.ला १/६०० सेकंद. स्थिरीकरणामुळे यात पुष्कळ सवलत मिळते. मात्र ते हाताची थरथर रोखते, पक्ष्याची हालचाल नव्हे.

५. डिजिटल झूम बंद करायला सांगा. मग दुकानाच्या दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्र टांगून, प्रत्येक कॅमेऱ्याने पूर्ण झूमवर त्याच जागेवरून चित्र घ्या. पडद्यावर मोठे करून मधली आणि कोपऱ्यातली अक्षरे वाचा. सर्वांत बारीक अक्षर ज्यात वाचता येईल, त्याचे भिंग सरस.

आणखी दोन सूचना. झूम केलेला कॅमेरा सूर्याकडे कधीही रोखू नका; त्याने डोळ्याला आणि संवेदकालाही इजा होऊ शकते. आणि भर दुपारी तापलेल्या रस्त्यापलीकडचे चित्र लडबडीत आले, तर भिंगाला दोष देऊ नका. गरम हवेच्या थरांत प्रकाशाचे वक्रीभवन सतत बदलत असते. त्यावर कोणत्याही ‘पटां’चा इलाज नाही; पहाटे लवकर उठणे एवढाच उपाय आहे.