‘मुळे’ आणि ‘नंतर’ : पंडिता रमाबाईंच्या ‘साक्षी’तील शोक आणि श्रद्धा



आत्मनिवेदनपर गद्याचा अभ्यास करताना आपण पंडिता रमाबाईंच्या ‘माझी साक्ष’ या लेखनापाशी आलो आहोत. नवी मुंबईतील अभ्यासकेंद्रावर स्वाध्याय तपासताना एक वाक्य मला वारंवार भेटते : ‘पतीच्या आकस्मिक निधनामुळे रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.’ व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. त्यातील ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय मात्र तपासून पाहावे लागेल. ‘नंतर’ केवळ क्रम सांगते. ‘मुळे’ कारण सांगते.

आधी घटनाक्रम पाहू. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई व थोरली बहीण ही तिघे 1870 च्या दशकातील दुष्काळात थोड्याथोड्या अंतराने गेली. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडणारे. व्रते, दानधर्म, उपासना यांत कोठे उणे नव्हते. मागे उरलेल्या भावंडांची जुनी श्रद्धा या मृत्यूंनी ढासळली. शोकाच्या पहिल्या आघाताने रमाबाईंना श्रद्धा दिली नाही, होती ती नेली, हे ध्यानात ठेवा. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी त्यांचा विवाह झाला आणि 4 फेब्रुवारी 1882 रोजी पटकीने त्यांचाही अंत झाला. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

आता ‘मुळे’ची अडचण पाहा. लूककृत शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका रमाबाईंच्या हाती पडली ती आसामातील सिल्चरच्या घरी, पती हयात असताना. पत्नीची ही ओढ त्यांना रुचली नव्हती. पतिनिधनानंतर त्या पुण्यास आल्या, तेथे इंग्रजी शिकल्या, मराठी नवा करार वाचला आणि 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. तेथे फुलहॅम येथील आश्रमात समाजाने टाकलेल्या स्त्रियांची जोगिणी मायेने सेवा करताना त्यांनी पाहिल्या. ही माया येते कोठून, असे विचारले असता योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखवण्यात आली. माझ्या मते, ‘मुळे’ वापरायचेच असेल तर ते येथे शोभेल. वैधव्याच्या दुःखावर सांत्वन हवे म्हणून त्या तेथे पोहोचल्या, असे हा मजकूर म्हणत नाही. टाकलेल्या स्त्रीशी माणूस म्हणून बोलणारा ख्रिस्त त्यांना तेथे भेटला. बाप्तिस्मा झाला 29 सप्टेंबर 1883 रोजी, वाँटेज येथे. त्याच्या थोडेच आधी, सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली होती. पाठ्यपुस्तके ही घटना सहसा गाळतात. ती गाळली की कथा सरळ होते, खरी राहत नाही.

‘साक्ष’ हा शब्दही पाहा. न्यायालयात साक्षीदाराने पाहिले तेवढेच सांगायचे असते. निष्कर्ष काढणे त्याचे काम नव्हे. ख्रिस्ती मराठीत हा शब्द स्वतःला आलेल्या ईश्वरानुभवाच्या कथनासाठी रूढ झाला, तरी मूळ अर्थाची शिस्त रमाबाईंनी सोडलेली नाही. बाप्तिस्म्याने आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त भेटला नव्हता. तो भेटला आठ वर्षांनी, 1891 मध्ये, असे त्या प्रांजळपणे नोंदवतात. पतिनिधनापासून मोजल्यास हे अंतर नऊ वर्षांचे भरते. एका ‘मुळे’त इतकी वर्षे मावत नाहीत.

1921 मध्ये मनोरमाबाई चाळिशीत वारल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंचे हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे काम तेव्हा चालू होते. ‘मुलीच्या मृत्यूमुळे त्यांनी ते नेटाने पुरे केले’ असे लिहिण्याचा मोह होईल. पण काम कितीतरी वर्षे आधीच सुरू झाले होते; मुलीनंतरही ते चालू राहिले, एवढेच आपल्याला म्हणता येते. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. ते बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

कृती : तुमच्यापैकी काहींनी घरातले माणूस असेच अचानक गमावले असेल. त्या प्रसंगावर ‘नंतर’ वापरून पाच वाक्ये लिहा. मग त्यांतील कोणत्या वाक्यात ‘नंतर’च्या जागी ‘मुळे’ घालता येते ते पाहा. दुःख ताजे असेल तर ही कृती आज करू नका. स्वाध्यायासोबत ती पाठवायची नाही.